काचेतून उजेड जातो, वीज जात नाही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, ‘घरचा फोन आता इंटरनेटवरून चालतो म्हणतात, मग लाईट गेली की तो मुका का होतो?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत तुळजापूरपासून परंड्यापर्यंत अनेकांनी मला विचारला आहे. विचारणारे बहुतेक साठी ओलांडलेले. मुलगा पुण्यात, मुलगी मुंबईत आणि गावाकडे ही दोघेच. मुलांनी हौसेने फायबरचे कनेक्शन घेऊन दिलेले असते. भिंतीवर पांढरा डबा बसलेला असतो, त्याला घरातलाच जुना फोन जोडलेला असतो. एरवी सगळे उत्तम चालते. पण एखाद्या रात्री वळवाचा पाऊस येतो, लाईट जाते, आणि नेमका फोन हवा असतो तेव्हा रिसीव्हर कानाला लावला तर काहीच ऐकू येत नाही. साधा डायल टोनसुद्धा नाही.

पूर्वी असे होत नसे, हे विचारणाऱ्यांना पक्के आठवत असते, आणि त्यांचे म्हणणे खरेच आहे. फोनचे तंत्र बदलले ते कशात बदलले, इंटरनेटवरचा फोन घरी घ्यायचा तर काय पाहायचे, आणि लाईट गेल्यावरही तो चालू राहावा म्हणून काय करायचे, याविषयी आज बोलणार आहे.

आधी जुन्या फोनविषयी थोडे. तांब्याच्या तारेवरच्या फोनला आपण कधी सेल घातले नाहीत, की त्याची पिन बोर्डात खोचली नाही. भारनियमनाच्या दिवसांत गावात तासन्‌तास अंधार असे, पण फोन चालू असे. कारण त्याला लागणारी वीज आपल्या घरातून येतच नव्हती. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून, आपले बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच दोन तारांतून येत होती. एक्स्चेंजच्या एका खोलीत मोठमोठ्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत. त्यांचा सुमारे ४८ व्होल्टचा दाब प्रत्येक ग्राहकाच्या तारेवर असे. घंटी वाजवायची झाली की त्याच तारेवर थोडा वेळ ७५ ते ९० व्होल्टच्या आसपासचा उलटसुलट प्रवाह सोडला जाई. बाहेरची वीज गेली तर बॅटऱ्या, आणि बॅटऱ्या उतरू लागल्या तर डिझेलचे जनरेटर. फोन जिवंत ठेवण्याची सगळी काळजी एक्स्चेंजने वाहायची आणि आपण फक्त बिल भरायचे, असा तो मामला होता.

हा फोन आपल्याकडे पोचायला वेळ लागला. भारतात एसटीडीची, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी नंबर फिरवण्याची सोय १९६० साली कानपूर आणि लखनौ या दोन शहरांमध्ये सुरू झाली. लहान गावांना त्यानंतरही वर्षानुवर्षे ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे. साधा, अर्जंट आणि त्याहून महाग ‘लाइटनिंग’ असे कॉलचे प्रकार जुन्या मंडळींना आठवत असतील. १९८४ साली केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था स्थापन केली. तिने खेड्यांसाठी १२८ लाइनचे लहान एक्स्चेंज तयार केले. आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत, वातानुकूलित खोलीवाचून चालावे, असे ते मुद्दाम बनवलेले होते. त्यानंतर एसटीडी बूथचे पिवळे फलक एसटी स्टँडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत लागले. ०२४७२ म्हटले की उस्मानाबाद आणि ०२४७१ म्हटले की तुळजापूर, हे पोरासोरांनाही पाठ झाले. २०२३ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले.

वेळेवर निरोप पोचण्याचे मोल आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आपल्याकडचे सास्तूर ही नावे त्या दिवशी देशभर पोचली. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या इकडच्या माणसांनी आपल्या घरच्यांची खुशाली कळेपर्यंतचे तास कसे काढले असतील, याची कल्पना त्या पिढीतला कोणीही करू शकेल. म्हणून घरातला फोन ही चैनीची वस्तू नव्हे. तो अडीअडचणीला लागला पाहिजे, हीच त्याची खरी परीक्षा.

आता इंटरनेटवरचा फोन म्हणजे काय ते पाहू. आपण बोलतो तो आवाज म्हणजे हवेतली कंपने. जुना फोन त्या कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर करून त्या लहरी तारेवरून जशाच्या तशा पाठवत असे. नवा फोन आवाजाचे आकडे बनवतो. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मापाचा एक आकडा लिहायचा, अशी त्याची साधी रीत. मग एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागातले आकडे एकत्र करून त्यांचे एक पुडके बांधायचे. पुडक्यावर पत्ता आणि अनुक्रमांक घालायचा आणि ते पाठवून द्यायचे. अशी सेकंदाला ५० पुडकी तिकडे जातात आणि ५० इकडे येतात.

हे समजायला वऱ्हाडाचे उदाहरण घ्या. उमरग्याहून पुण्याला लग्नाचे वऱ्हाड निघाले आहे. जुन्या फोनची पद्धत म्हणजे या वऱ्हाडासाठी उमरगा ते पुणे एक अख्खा रस्ता राखून ठेवायचा. वऱ्हाड पोचेपर्यंत त्यावर दुसरे वाहन येणार नाही. नव्या पद्धतीत वऱ्हाड ५० जीपगाड्यांत बसते, प्रत्येक जीपला नंबर असतो आणि सगळ्या जीप इतर वाहनांबरोबरच सर्वांच्या रस्त्याने जातात. कुणी टोलनाक्यावर अडकते, कुणी पुढे निघून जाते. मांडवाच्या दाराशी एक माणूस उभा असतो. तो थोडा वेळ थांबून जीप नंबराप्रमाणे लावतो आणि मग आत सोडतो. मुहूर्त टळून गेल्यावर आलेली जीप परत पाठवली जाते, कारण अक्षता पडल्यावर तिचा उपयोग नाही. फोनवर मधूनच एखादे अक्षर गळते किंवा आवाज तुटक येतो, तेव्हा वेळेवर न पोचलेल्या अशाच काही जीप सोडून द्याव्या लागलेल्या असतात.

दाराशी किती वेळ थांबायचे यालाही मर्यादा आहे. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या साधारण सातव्या भागात पोचला तर संभाषण सहज वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्याहून फार उशीर झाला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि ‘तुम्ही बोला’, ‘नाही, आधी तुम्ही बोला’ सुरू होते. त्यामुळे चांगल्या फोनला अफाट वेगाचे इंटरनेट लागत नाही. एका कॉलला जाता-येता सेकंदाला ऐंशी-नव्वद किलोबिट पुरतात आणि तासभर बोलले तरी सत्तर-ऐंशी एमबीच्या आसपास डेटा लागतो. लागते ते सातत्य. सिनेमा मधेच दोन सेकंद थांबला तरी पुढे चालतो, पण बोलणे दोन सेकंद थांबले की समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो.

ही कल्पना जगात नवी नाही. १९९५ साली इस्राएलच्या व्होकलटेक कंपनीने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर बोलण्याचे सॉफ्टवेअर विक्रीला आणले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पण इंटरनेटवरून फोन करायला आपल्याकडे परवानगी नव्हती. ती १ एप्रिल २००२ पासून मिळाली, तीही अर्धीच. संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर बोलता येई, देशातल्या साध्या फोनवर इंटरनेटवरून कॉल लावता येत नसे. त्या काळात अमेरिकेतला मुलगा स्वस्तातले कॉलिंग कार्ड वापरून उमरग्याला फोन करी, आणि उमरग्याचे वडील मिस्ड कॉल देऊन त्याच्या फोनची वाट पाहत. २००३ साली स्काइप आले आणि परदेशी नातलगांशी बोलण्याची कितीतरी मराठी घरांना सवय लागली. ते स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. दरम्यान २०१८ साली दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या आणि देशातल्या देशात कोणत्याही फोनवर इंटरनेटवरून कॉल करण्याचा मार्ग मोकळा झाला. भारत संचार निगमने त्याच वर्षी ‘विंग्ज’ या नावाने अशी सेवा जाहीर केली. पुढच्या वर्षी, २०१९ च्या सप्टेंबरात, जिओने फायबरची घरगुती सेवा सुरू केली आणि तिच्याबरोबर लँडलाइनही दिली. ‘इंटरनेटसोबत फोन’ हा प्रकार तिथून घराघरांत रुळू लागला.

आज आपल्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे फायबरच्या कनेक्शनबरोबर येणारी लँडलाइन. यात आपल्याला एसटीडी कोड असलेला नेहमीसारखा नंबर मिळतो. भिंतीवरच्या डब्याला मागे इंटरनेटच्या केबलसाठी रुंद आणि फोनसाठी अरुंद अशी भोके असतात. अरुंद भोकात फोनची पिन खोचायची. हा डबाच आवाजाची पुडकी बांधण्याचे आणि सोडण्याचे काम करतो. याचा एक मोठा फायदा असा, की या कॉलची पुडकी कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात वेगळ्या वाटेने आणि अग्रक्रमाने नेता येतात. वऱ्हाडाच्या जीपना पोलिसांनी वाट करून द्यावी तसे. म्हणून घरात कोणी सिनेमा पाहत असले तरी फोनवरचा आवाज सहसा तुटत नाही.

दुसरी वाट म्हणजे मोबाइलवरचे वाय-फाय कॉलिंग. आपल्या भागात जुनी माळवदाची घरे अजून आहेत. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचे धाबे. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण मोबाइलची रेंज दाराबाहेरच राहते. बोलायचे तर अंगणात या किंवा माळवदावर चढा. म्हाताऱ्या माणसाने रात्री जिना चढणे धोक्याचे. अशा घरात फायबर असेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करावे. मग टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायवरून, आपल्या नेहमीच्याच नंबरवरून कॉल येतो-जातो. एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत ही सोय सुरू केली. समोरच्याला काही वेगळे करावे लागत नाही. मात्र हँडसेटमध्ये ही सोय असली पाहिजे, आणि त्याच जाड भिंती वाय-फायलाही अडवतात, हे लक्षात घेऊन डबा माणसे बसतात-उठतात त्या खोलीत लावून घ्यावा.

तिसरी वाट म्हणजे निव्वळ अ‍ॅपवरून बोलणे. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१५ पासून बोलता येते आणि दुबई-अमेरिकेतल्या मुलांशी बोलायला ते उत्तमच आहे. पण ते फोनची जागा पूर्णपणे घेत नाही. दोन्हीकडे तेच अ‍ॅप हवे, आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला किंवा ११२ ला त्यावरून बोलावता येत नाही. घरी आजारी माणूस असेल तर केवळ अ‍ॅपच्या भरवशावर राहू नये.

लँडलाइन बसवून घ्यायची ठरली, तर काही बारीकसारीक गोष्टी आधीच पाहून ठेवाव्यात. पहिली नंबरची. तांब्याच्या तारेवरून फायबरवर जाताना जुनाच नंबर राहील का, हे अर्ज करतानाच विचारा. कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. भूमच्या खवा व्यापाऱ्याचा किंवा कळंबच्या अडत दुकानाचा नंबर वीस वर्षे गिऱ्हाइकांच्या वहीत असतो. तो गेला तर धंद्याचे नुकसान होते.

दुसरी गोष्ट फोनच्या यंत्राची. गोल तबकडीचा जुना फोन नव्या डब्याला जोडला तर तो वाजेल, त्यावर बोलताही येईल, पण नंबर फिरवता येईलच असे नाही. बरेचसे डबे फक्त बटणांचे सूर ओळखतात. बटणांच्या फोनखाली ‘पी’ आणि ‘टी’ असा खटका असेल तर तो ‘टी’वर ठेवा. घरातल्या जुन्या वायरिंगमधून दुसऱ्या खोलीत फोन न्यायचा असेल, तर बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी आधी पूर्ण सोडवून घ्या. त्या तारेवर एक्स्चेंजची वीज असू शकते आणि ती नव्या डब्यात शिरली तर डबा जळेल. हे काम लाइनमनकडूनच करून घ्यावे.

तिसरी गोष्ट शून्याची. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य दाबावा लागतो. फोनमध्ये साठवलेले मुलांचे नंबर शून्यासह पुन्हा भरून ठेवा. घाईच्या वेळी हे आठवत नाही.

चौथी गोष्ट दिव्यांची. डब्यावरचे दिवे वाचता आले तर निम्मी काळजी मिटते. ‘पीओएन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर ठीक आहे. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला तर उजेड डब्यापर्यंत येत नाही. कुठे जेसीबीने केबल तोडली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा घरातच वायर जास्त वाकली असेल. ते दोन्ही ठीक असून फोनचा दिवा तेवढा बंद असेल, तर बिघाड तारेत नाही, कंपनीच्या फोन यंत्रणेत तुमच्या नंबरची नोंद लागलेली नाही. तक्रार करताना एवढे नेमके सांगितले तर माणूस योग्य तयारीने येतो. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला उजेडाचे माप विचारून ते डब्यावर लिहून ठेवायला सांगा. हे माप उणे आकड्यांत असते. उणे २० चांगले, उणे २७ म्हणजे अगदी काठावर. आणि एक ताकीद. तुटलेल्या फायबरच्या टोकाला डोळा लावून पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. त्यातला लेसरचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याची जाडी सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातून आपले बोलणे उजेडाच्या लुकलुकण्याने जाते. काचेचे गुण पुष्कळ. पावसाने जोड भिजून येणारी खरखर नाही, तांब्यासाठी चोरी नाही, वीज कडाडली तर ती फोनच्या तारेतून घरात येण्याची भीती नाही. एक्स्चेंजपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या वस्तीलाही तेच स्वच्छ बोलणे मिळते. पण काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. तांब्याची तार बोलणे आणि वीज दोन्ही आणत होती, काच फक्त बोलणे आणते. एक्स्चेंजमध्ये कितीही मोठ्या बॅटऱ्या असल्या तरी त्यातला एक थेंबही आपल्या डब्यापर्यंत पोचणार नाही. फोन जिवंत ठेवण्याची जी काळजी एक्स्चेंज वाहत होते, त्यातला शेवटचा वाटा आता आपल्या घरावर आला आहे. नवा फोन घेताना हे कोणी आवर्जून सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

हा वाटा उचलणे कठीण नाही. भिंतीवरचा डबा फार वीज खात नाही, साधारण आठ-दहा वॅट. एखाद्या लहान एलईडी बल्बइतकी. राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला आणि त्याच्या बॅटरीत पंचवीस-तीस वॅट-तास वीज मावत असेल, तर दहा वॅटचा डबा अडीच-तीन तास चालतो. घेताना डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहे ते पाहा. पुष्कळदा १२ व्होल्ट असते, पण सगळीकडे नाही. व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असलेलाच यूपीएस घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस लागत नाही, मात्र ज्या बोर्डावर डबा आहे तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे याची खात्री करा. पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर आणि फोनचा डबा मात्र साध्या लाइनवर, असे घरोघरी दिसते. आणखी एक, बिनवायरचा कॉर्डलेस फोन वापरत असाल तर त्याच्या बैठकीलाही वेगळी वीज लागते. लाईट नसतानासाठी साधा वायरवाला एक फोन जवळ असू द्या.

घरातली सोय झाली तरी दुसरे टोक राहते. एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत फायबर थेट आले असेल तर मधल्या वाटेत विजेवर चालणारे काही नसते. एका तंतूतला उजेड बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटणारी खांबावरची डबी विजेवाचून चालते. पण अनेक गावांत कनेक्शन देणारे मशीन गावातल्याच केबलवाल्याच्या खोलीत असते. त्याची लाईट गेली आणि त्याच्याकडे बॅटरी नसली, तर आपल्या यूपीएसचा उपयोग नाही. म्हणून कनेक्शन घेण्याआधी त्याला सरळ विचारा, ‘दादा, तुमच्या मशीनला बॅकअप किती तासांचा आहे?’ गावातल्या दहा-वीस ग्राहकांनी मिळून विचारले तर बॅटरी बसतेही.

आमच्या शेजारी एक काका-काकू राहतात. काकांना दम्याचा त्रास आहे. त्यांच्याकडे फोन बसला तेव्हा मी त्यांना एक सवय लावली. महिन्यातून एकदा घरचे मेन स्विच बंद करायचे आणि पुण्याच्या मुलाला लँडलाइनवरून फोन करायचा. लागला तर उत्तम. पहिल्या वेळी लागला नाही, कारण डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. वायरमनने अर्ध्या तासात ते काम केले. दिवसाउजेडी, कोणी आजारी नसताना हे कळले, हेच बरे झाले. ११२ किंवा १०८ वर मात्र तपासणीसाठी उगाच फोन करू नये. त्या लाइनवर दुसऱ्या कोणाचा जीव टांगलेला असू शकतो. हे नंबर तुमच्या कनेक्शनवरून लागतात का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून घ्या.

मोबाइल आहेच की, मग एवढा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. मोबाइल हवाच. पण मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागते, त्याच्याही बॅटऱ्या काही तासांनी उतरतात. मोठ्या वादळात लाईट रात्रभर गेली तर आधी कोण बंद पडेल, टॉवर की फायबर, हे सांगता येत नाही. दोन वेगळ्या वाटा असल्या तर एक तरी उघडी राहण्याची शक्यता जास्त, एवढाच त्यातला हिशेब. मोबाइल रात्री पूर्ण चार्ज ठेवावा आणि लँडलाइनचा बॅकअप तयार ठेवावा.

शेवटी सावधगिरीच्या दोन गोष्टी. डब्याचा मूळ पासवर्ड बदलून घ्या आणि परदेशी फोन करायचे नसतील तर आयएसडी बंद ठेवायला सांगा, म्हणजे तुमच्या नंबरवरून दुसऱ्याच कोणी परदेशी कॉल करून बिल वाढवणार नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ‘तुमच्याकडे फायबर आहे, आमचे मशीन खोलीत ठेवा, महिन्याला भाडे देतो’ असे सांगत कोणी आले आणि त्या मशीनमध्ये ढिगाने सिमकार्डे असली, तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल स्थानिक असल्याचे भासवण्याचा हा बेकायदा धंदा आहे. फसवणुकीचे कॉल अशाच मार्गाने येतात आणि पोलीस येतात ते ज्याच्या घरात मशीन आहे त्याच्याकडे.

मंडळी, तांब्याच्या तारेचा काळ संपत आला आहे, त्याबद्दल हळहळ करण्यात अर्थ नाही. काचेच्या तंतूने खेड्यातल्या घराला शहराइतके स्वच्छ बोलणे दिले आहे. त्या फोनला विजेची शिदोरी मात्र आपल्यालाच बांधून द्यावी लागते. येत्या सुट्टीला मुले गावी येतील तेव्हा त्यांना एवढेच सांगा, की बाळांनो, इंटरनेटचा वेग नंतर वाढवा, आधी मेन स्विच बंद करून आपला फोन लागतो का ते बघा.